मागच्या खोलीतले तीस युनिट

१९ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. वहिनींची पाठ आता बरी असेल. इकडे सगळं ठीक. थंडी हाडात शिरते एवढंच. फोनवर आवाज चढला असता, म्हणून लिहितोय.

तुझी लेक माझ्याच वर्गात, तेव्हा गृहपाठ तुम्हाला ठाऊक असेल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची ही मुलं उत्तर लिहितात आणि एकक खाऊन टाकतात. गावच्या शाळेत आपण नुसतं 'पाच' म्हटलं की मास्तर कान धरायचे, "पाच काय? शेर की हात?" तेच मी विजेवर शिकवलं. घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट, दिवसाचे तास आणि महिन्याचे दिवस गुणा, हजाराने भागून युनिट काढा. मग वापर कमी करून महिनाभराने पुन्हा मोजा.

तुझ्या लेकीचा तक्ता सर्वांत नेटका. 'मागची खोली, गीझर: दोन हजार वॅट, रोज अर्धा तास, तीस दिवस. वाचले तीस युनिट.' एककं चोख. मी लाल शाईने शाबासकी लिहिली, वर्गाला वाचूनही दाखवलं.

मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, महिनाभर पारोसंच का?"

वर्ग हसला. ती फणकारली, "आंघोळ होते की! आजी गार पाण्याने करते. सरांचा गृहपाठ म्हटल्यावर लगेच तयार झाली."

दादा, शहात्तर वर्षांची आपली आई! या थंडीत! आणि तुमचा स्वतःचा गीझर? तोही तक्त्यात आहे, पुढे शेरा: 'बदल नाही.' हे लिहिताना कुणालाच काही कसं खटकलं नाही?

मी आईला फोन केला. म्हणाली, "अरे, तुझ्या शिकवण्याला माझा एवढा तरी हातभार." मग खोकत राहिली. मागून तुझा आवाज आला, "मास्तरलाच विचार म्हणावं, त्यानेच काढलंय हे खूळ."

खूळ माझं, कबूल. पण पोरीला अडवणारं मोठं माणूस घरात एकही नव्हतं?

आता जे लिहायचं टाळत होतो ते. मी चार महिने तुमच्याकडे फिरकलो नाही. फिरकलो असतो तर आईची गारठलेली बोटं हातात आली असती. आणि ती तुझ्याकडे का राहते? पाच वर्षांपूर्वी मी म्हणालो, माझ्याकडे जागा नाही. जागा होती, दादा. त्या खोलीत मी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवले. त्या खोलीच्याच भिंतीला लागून रोज सकाळी देवापुढे बसतो. काल बसलो, हात जोडले, पण तोंडातून नाव निघेना.

गठ्ठे हलवले आहेत. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो. यायचं की नाही ते आई सांगेल. तिच्या वतीने तू बोलू नकोस, मीही बोलणार नाही. पत्र वाचून होताच उठ आणि मागच्या खोलीतला गीझर लाव. लेकीला रागावू नकोस. मी जेवढं तपासणार होतो, तेवढंच तिने मांडलं.

तुझ्यावर संतापलेला, आणि तुझ्याहून जास्त चुकलेला,

धाकटा