ओळखणाऱ्या दोघांची नावं

रविवार, १३ जून २००४
वेस्ट मांबलम

इथल्या मराठी मंडळाच्या बालवर्गात शिकवायला येणाऱ्या प्रत्येकाची आधी चौकशी व्हावी, म्हणून वर्षभर भांडून मी फॉर्म करून घेतला. किमान पाच वर्षं ओळखणाऱ्या दोघांची नावं, सह्या. आज सातही फॉर्म परत आले. सहा जणांनी एकमेकांचीच नावं लिहिली आहेत.

अध्यक्ष नाईक म्हणाले, "वहिनी, परगावात आपलीच तर माणसं. चौकशी कसली करायची? वाईट दिसतं ते."

आपली म्हणजे काय? निम्मे बदलीवर आलेले. आधीच्या गावी कसे होते, कुणाला माहीत? आणि आपण दर रविवारी पोरांना वर त्यांच्याजवळ सोडून खाली कॉफी पीत बसतो.

शेवटचा फॉर्म कुलकर्ण्यांचा. दोघांतलं एक नाव माझं, सही तेवढी बाकी. मला विचारलंही नव्हतं. गेल्या वर्षी नागपूरहून आले, आरती छान म्हणतात. आणखी काय माहीत आहे मला? ते समोरच हसत बसलेले, नाईकांनी पेन पुढे केलेलं.

पेन घेतलं. सही केली. ओळख किती वर्षांची, त्या रकान्यात माझ्याच अक्षरात लिहिलं: पाच.