दुपारचं औषध

सोमवार, ९ जून

चि. सौ. सूनबाई,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईबाबांना नमस्कार सांग. इकडे नळाला पाणी कमी येतंय, पण तुझ्या कुंडीतल्या मिरच्यांना आठवणीने घालतो. ठकू नीट जेवते का? माझी आठवण काढते का, असंही विचारणार होतो. राहू दे.

दवाखान्यातून तू लेकीला घेऊन थेट माहेरी गेलीस, त्याला कोण काय बोलणार! पण काल फोनवर म्हणालीस, तिला पुन्हा कणकण आली आणि औषध तू तुझ्या आईच्या हातून पाजवलंस. "माझ्या हाताचा भरवसा नाही, बाबा." म्हणूनच हे पत्र लिहायला बसलो.

कामावर जाताना तू रोज बजावायचीस, मला विचारल्याशिवाय काही पाजू नका, बाटलीसोबतच्या कपानेच मोजा. मी हसायचो. रंगाच्या दुकानात जन्म गेला माझा, नुसत्या नजरेने रंग कालवले. मला कसलं माप शिकवतेस!

त्या दुपारी ठकूचं नाक चोंदलं होतं, किरकिर थांबेना. माझ्या कपाटात माझी सर्दीची बाटली होती. स्वयंपाकघरातल्या मोठ्या चमच्याने पाजलं. उतार पडेना म्हणून थोड्या वेळाने पुन्हा पाजलं. पोर झोपली आणि मी स्वतःवरच खूश झालो.

संध्याकाळी चपला काढता काढता तू विचारलंस, "बाबा, हिला काही दिलंय का?"

"छे! मी कशाला देतोय?"

तू रागावशील याची भीती नव्हती गं. सुनेसमोर मान खाली घालावी लागेल, एवढ्यासाठी खोटं बोललो. तिचं अंग तापलं होतं, म्हणून मग तू कपाने मोजून तापाचं औषध दिलंस.

पुढे तिला उलट्या सुरू झाल्या, पोर मलूल पडली, आपण तिला दवाखान्यात नेलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापाचं औषध फार झालंय, आणखी काही दिलं होतं का? तू सांगत होतीस, एकच कप. आमचे चिरंजीव सगळ्यांदेखत ओरडले, "शुद्धीत तरी होतीस का?" शेवटी तूच म्हणालीस, "चुकला असेल माझा हात." मी शेजारच्या बाकावर तुझी पर्स मांडीवर धरून बसलो होतो. सगळं ऐकलं. तोंड उघडलं नाही. नातीच्या जिवाशी खेळ झाला आणि मला माझी अब्रू सांभाळायची होती.

सर्दीचं वेगळं, तापाचं वेगळं, अशी मनाची समजूत घालत राहिलो. आज बाटली औषधांच्या दुकानात नेली. दुकानदाराने लेबलावर बोट ठेवून दाखवलं. तापाचं तेच औषध त्यातही होतं, आणि तेही मोठ्या माणसांच्या मापाचं.

डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगितलं. मग तुझ्या नवऱ्याला सांगितलं. तो ताटावरून उठला. आता तुझ्याकडेच निघालाय, हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तो तुझी माफी मागेल. मी कुठल्या तोंडाने मागू?

ठकूला यापुढे माझ्यापाशी ठेवायचं की नाही, ते तू ठरव. मी विचारणार नाही. फक्त तिला ताप आला तर डॉक्टरांना विचारून औषध तूच पाज, दुसऱ्यावर सोपवू नकोस. त्या दिवशी तुझ्या हातून एक थेंबही जास्त गेला नव्हता.

तुझ्याशी खोटं बोललेला,
बाबा