मागचं दार

केडगाव, मे १९७२

प्रिय भागू,

तुझं पत्र पोचलं. पंचायत समितीच्या निवडणुकीचा अर्ज मागे घेऊ का, असं विचारतेस. टँकरच्या घाण पाण्यानं काष्टीतली पोरं हगवणीनं लोळली, तू ते चावडीवर बोललीस, म्हणून टँकरवाल्या भिमाजीअण्णांनी तुझा दवाखाना वाळीत टाकला. लोक येतात, पण मागच्या दारानं, तोंडावर पदर ओढून.

मला हसूच आलं बघ. माझा आजा नगरात डॉक्टर रंगनाथरावांचा टांगा हाकायचा, त्याच्या तोंडून अगदी हेच मी लहानपणी ऐकलंय. डॉक्टर म्हणजे मुंबईला इंग्रजी डॉक्टरकी शिकलेला माणूस. पटकीच्या साथीत घरोघर हिंडला, पाणी कुठं नासतंय ते त्याला दिसलं आणि म्हणाला, बाटलीतल्या औषधानं भागत नाही, आता नगरपालिकेत बसायला हवं. निवडूनही आला. पहिल्याच सभेत, ज्यांच्या मोऱ्या पिण्याच्या नळाला मिळत होत्या त्या हवेलीवाल्यांची नावं घेतली. झालं! डॉक्टरानं नाडी बघावी, गावच्या मोऱ्या कशाला हुंगाव्यात? बहिष्कार पडला. आणि दिवेलागणीला तीच शहाणी माणसं मागच्या गल्लीत कण्हत उभी.

डॉक्टरांनी थोडे दिवस सोसलं. मग गवंडी बोलावून मागचं दार विटांनी बुजवलं. ज्याला दुखतंय त्यानं समोरून यावं! पहिली आली ती एका हवेलीवाल्याचीच सून, तापलेलं पोर खांद्यावर टाकून, भर बाजारातून. तिच्यामागं गल्ली आली. पुढची निवडणूक डॉक्टर हरले, ते लपवत नाही. पण मोऱ्या नळापासून हलल्या, त्या कायमच्या.

आता हे पत्र का, ते ऐक. भिमाजीअण्णा सकाळपासून माझ्या वर्कशॉपात बसलेत. ‘पोरीला चार शब्द लिवा, आबा. तुमचं ऐकंल ती. डॉक्टरीनबाईंनी सुया टोचाव्यात, राजकारन आमी बघतो.’ म्हटलं, लिहितो की! सायकलींच्या पंक्चरपासून ऑइल इंजिनांपर्यंत मी आलो तो कानाच्या जोरावर. कुठलं इंजिन बिघडलंय ते आवाजावरून कळतं. अण्णांच्या आवाजात दमदाटी कमी, धास्ती जास्त आहे. समोर चहा पिताहेत आणि माझा हात चाललेला बघून खूश होताहेत. पाकीट डकवून त्यांच्याच हाती देतोय. त्यांच्याच जीपमध्ये आपला आसाराम गवंडीही बसवतोय, थापी-ओळंब्यासकट. विटा तिथं बघ. अर्ज राहू दे. मागचं दार आजच बुजवून घे.

समोरच्या दारानं येणारा,
तुझाच आबा