नाटकाआधी डिफ्रॅग

२ डिसेंबर, सकाळी
ठरलं! वडस्याच्या नाटक कंपनीचे मालक लटारूभाऊ अहेरीले आमच्या घरी आले. चहा पेले आन् म्हणाले का, प्रफुलबाबू, तेवीस तारखेच्या मंडईच्या जत्रेत तुमचं नाटक लावतो, नाव सांगा, पोस्टर छापाचं आहे. नाव तयारच होतं : ‘चूल विझली, माय रुसली’. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात असंच असते. नाव पहिले छापते, नाटक मागून येते.
अकरा वर्षं वनविभागात आवक-जावक केली. आता नाटककार! माह्या बायकोनं, हर्षानं, लगेच भद्रावतीले फोन लावला. तिचं पूर्ण माहेर नाटक पाहाले येऊन राह्यलं.
एकवीस दिवस, तीन अंक. एवढं तं काईच नाई.

२ डिसेंबर, दुपारी
कॉम्प्युटर चालू व्हाले सहा मिनिटं लागली. तेवढ्यात पहिला प्रवेश डोक्यातून निघून गेला. लई भारी होता.

३ डिसेंबर
नबीलच्या कॉम्प्युटर दुकानात गेलो. तो म्हणे का, हार्ड डिस्कवर फाइलीचे तुकडे पांगले आहेत, एक फाइल उघडाची तं चार जागी फिरा लागते. डिफ्रॅग करा, सगळे तुकडे एका जागी येतात.
एकदम पटलं. आमच्या ऑफिसातबी तेच. एका प्रकरणाचं एक पान कपाटात, दुसरं साहेबाच्या टेबलावर, तिसरं रजेवर गेलेल्या बाबूच्या ड्रॉवरमध्ये. म्हणजे दोष माझ्या प्रतिभेचा नाईच! लई हलकं वाटलं.
नबील म्हणे का, तोवर वहीत लिवा. त्याले साहित्यातलं काय समजते.

४ डिसेंबर
सी ड्राइव्ह एकतीस टक्के फ्रॅगमेंटेड, म्हणजे पांगलेली! हर्षाले बोलावून दाखवलं. तिनं विचारलं का, मंग लिवलं किती? तिले टक्क्यायचं गांभीर्य नाई.

५ डिसेंबर
डिफ्रॅग अडतीस टक्क्यावर होतं आन् लाइट गेली. पुन्हा पहिल्यापासून. हर्षाले सांगितलं, मिक्सर लावू नको, लोड येते. तिनं पाट्यावर चटणी वाटली, आन् असी वाटली का टेबल हालून राह्यला होता.

८ डिसेंबर
मशीन म्हणते, पंधरा टक्के जागा मोकळी पाह्यजे. हर्षाच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो पुसाले बसलो. दिवसभर पाहात राह्यलो. दोन पुसले. तेबी हर्षानं मागून परत मागितले. शेवटी कमी जागेतच डिफ्रॅग लावलं.

१२ डिसेंबर
लटारूभाऊचा फोन. म्हणाले का, पहिला अंक तरी पाठवा, डोमाले वाचाचा आहे. डोमा म्हणजे कंपनीचा प्रॉम्प्टर. नटाइले तालमीले टाइम नसते, स्टेजपुढच्या खड्ड्यात बसून डोमा सांगते, ते बोलतात.
मी म्हटलं, बहात्तर टक्के झालं, भाऊ. खोटं नाई. स्क्रीनवर बहात्तरच होते. भाऊ खूश.

१५ डिसेंबर
बस स्टँडवर पोस्टर लागलं! ‘लेखक : प्रफुल भांडेकर’. सात वेळा तिकडून गेलो. रसवंतीवाल्यानं विचारलं, भाऊ, कुठी जाचं आहे?

१९ डिसेंबर
झालं! शून्य टक्के फ्रॅगमेंटेड! चालू व्हाले एक्कावन सेकंद! मोबाइलच्या घडीवर नऊ वेळा चालू-बंद करून पाह्यलं. हर्षाले म्हटलं का, या स्पीडनं दोन दिवसात तिन्ही अंक होतात. उद्या सुट्टी टाकतो.

२० डिसेंबर
सुट्टी टाकली. नाटकाचं नाव टाइप केलं. फॉन्ट चार बदलले. मंग डी ड्राइव्ह पाह्यली तं तेवीस टक्के! घर अर्धं झाडून थांबते का कोणी? तीबी लावली.

२२ डिसेंबर
लटारूभाऊले फोन करून खरं सांगितलं. ते चिडले असते तं बरं झालं असतं. म्हणाले का, घाबरू नका बाबू, मी स्वतः लिवलेलं एक जुनं नाटक नटाइले पाठ आहे, तेच ठोकतो. पोस्टरवर नाव तुमचंच राहू द्या, मंडईत कोण वळखते!
मोठा माणूस. हर्षाले काई सांगितलं नाई. नाव तं माझंच आहे ना! नाटकाले नावच पाह्यजे असते.

२४ डिसेंबर, सकाळी
काय नाटक झालं! बाया पदर तोंडात धरून रडल्या. सासरे रडले. दुसऱ्या अंकात मीबी रडलो, मनात म्हटलं, किती जबरदस्त लिवलं आहे! मंग शाल, नारळ, स्टेजवर सत्कार. सगळ्यात जोरात टाळ्या हर्षाच्या.
घरी आल्यावर पाहुणे झोपले. हर्षानं चहा दिला आन् हळूच म्हणाली का, मागल्या वर्षी मावशीकडे चामोर्शीले हेच नाटक पाह्यलं होतं मी. माय मरते हे मले पहिलेच माहीत होतं.
मले धरणी फाटावी असं झालं. इचारलं, मंग टाळ्या काऊन वाजवल्या? ती म्हणे का, बाबा बाजूलेच बसले होते, आन् मले सांगून राह्यले होते का, जावई हुशार निघाला. त्याइचं तोंड एवढं खुललं होतं. मी काय सांगू त्याइले?
रागावली नाई. कप उचलला. म्हणाली, बाबा पुढल्या वर्षीबी येतो म्हणतात, आता मशीन फास्ट झाली ना, मंग बसा.
बसलो आहे. सी ड्राइव्हबी शून्य, डी ड्राइव्हबी शून्य. तीन घंटे झाले, एक ओळ सुचून नाई राह्यली.