प्रिन्सेस ब्रेकफास्टची चौथी जागा

निनाद,

ऑरलँडोच्या थीम पार्कमधल्या प्रिन्सेस ब्रेकफास्टचं, त्या राजकन्यांबरोबरच्या नाश्त्याचं, बुकिंग मी चौघांचं केलं होतं. आज ॲप उघडलं तर तिघांचंच! इराला विचारलं, तर म्हणाली, "बाबा सेड, आजी वोन्ट अंडरस्टँड इट."

आई तिथेच भाजी निवडत होत्या. त्यांना ते बरोबर कळलं. या ब्रेकफास्टसाठी त्यांनी नागपूरहून नवी साडी आणलीय, इराकडून सगळ्या राजकन्यांची नावं पाठ करून घेतलीत. स्वतःच्या आईला असं गुपचूप वगळताना तुला काहीच वाटलं नाही?

चौथी जागा आता मिळत नाहीये. त्यामुळे आम्ही तिघी जाणार, तू हॉटेलवर थांब.

दोघींना घेऊन ग्रोसरीला चाललेय. येईपर्यंत आईंना काय सांगायचं ते ठरव. मला काही सांगू नकोस.

– मृण्मयी