सोनबाचे कान

उत्रोली, दि. ४ फेब्रुवारी १९७१

ती. अक्कास, धाकट्या कुंडलिकचा शि. सा. नमस्कार. वि. वि. आमी सगळी खुशाल, असं लिहायची रीत. पण मी खुशाल न्हाई. सोमवारी भाताची पोती घेऊन येताना वेल्ह्याच्या उतारावर माझ्या ट्रकखाली सोनबा नावाचा म्हातारा आला. जिवंत आहे, पण कंबर मोडली. मला जामिनावर सोडलंय. वकील म्हणतात, जगला तर दंडावर निभेल. मेला तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग, अन् लायसन जाईल ते वेगळंच.

तुला म्हणून सांगतो. डिझेल वाचवायला उतारावर आमी इंजिन बंद करून गाडी सोडतो, सगळेच सोडतात. त्या दिवशीबी बंदच होतं. हॉर्नबी दिला न्हाई. जबाबात मात्र दिला म्हणून सांगितलं, अन् म्हातारा बहिरा आहे असं गाडीच्या मालकांनी सांगायला लावलं. त्याची वाडी तुझ्याजवळच. जाऊन बघ, जगंल का.

तुझा कुंडलिक

वेल्हे, दि. ११ फेब्रुवारी

चि. कुंडलिकास ठकुबाईचे अनेक आशीर्वाद. पत्र पोचलं. काल सोनबाच्या घरी गेले. आजाऱ्याला बघायला आले म्हटलं, कुणाची कोण ते सांगितलं न्हाई. खाटेवर आहेत, पेज पितात. बहिरे कसले? अंगणात माझ्या बांगड्या वाजल्या तर आतनं विचारलं, कोण आलंय.

पण मेल्या, ते म्हणतात गाडीचा आवाजच आला न्हाई, म्हंजी माझे कान गेले. बायकोला, जाईबाईला, सारखं पातेलं वाजवायला लावतात. ऐकू आलं की व्हय म्हणतात, अन् पुन्हा वाजव म्हणतात. मला तिथं बसवंना. तू जगंल का विचारलंस, दुखतंय का ते विचारलं न्हाईस. जेवत जा वेळेवर.

तुझी अक्का

उत्रोली, दि. २२ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. सोनबा गेल्याचं काल पोलिसांनी सांगितलं. कलम बदललं. तारीख बारा एप्रिल, भोरच्या कोर्टात. वकील म्हणतात, बघणारं कुणी न्हाई. बहिरा होता एवढं टिकलं की सुटशील. टपालवाल्याची खाकी बघूनबी मी दाराआड होतो. पदरात दोन पोरं आहेत, अक्का. माझं पहिलं पत्र चुलीत घाल, अन् त्या घरी पुन्हा जाऊ नको. एवढं मागणं ऐक.

तुझा कुंडलिक

वेल्हे, दि. २७ फेब्रुवारी

चि. कुंडलिकास अनेक आशीर्वाद. पत्र चुलीत घातलं, जळेपर्यंत बघत बसले. पण तुझं सांगणं उशिरा पोचलं. सोनबा जायच्या आदल्या दिवशी मी परत गेले होते. जाईबाई पातेलं वाजवतच होती. मला ऱ्हावलं न्हाई. म्हटलं, मी डायवरची बहीण, इंजिन बंद होतं, तुमचे कान धड आहेत. तसं सोनबा बायकोला म्हणाले, ठेव ते पातेलं.

आता जाईबाईला साक्षीला बोलावलंय. तिनं ऐकलं ते ती सांगणार. मला विचारलं तर मलाबी न्हाई म्हणता येणार न्हाई. लई भ्या वाटतं रे, तुझ्या पोरांना तोंड कसं दाखवू? तारखेला येते. जाईबाईला भोरचं कोर्ट कुठं ते ठाऊक न्हाई, म्हणून तिला सोबत घेऊन पहिल्या एसटीनं निघणार आहे.

रागावलास तरी बहीण म्हणत ऱ्हा.

तुझी अक्का