मावशीचा मखमली दिवाणखाना

१२ मार्च
चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

मंगळवार, ११ मार्च, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. मोतीबिंदू काढून, आठ दिवस तुझ्या आईकडे राहून मी घरी परतले, कुलूप उघडलं आणि दुसऱ्याच्या घरात शिरले की काय म्हणून दारावरची पाटी पुन्हा वाचली. भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी, आरसा आणि झुंबर गायब. लाल मखमली पडद्यांच्या जागी मलमपट्टीचं कापड लटकलेलं. टेबलावर तुझी चिठ्ठी, की मावशीला सरप्राइज! तुझी आईही सामील, म्हणूनच मला दोन दिवस जास्त ठेवून घेत होती.

तू मोठी इंटिरिअर डिझायनर, मान्य. पण खोली माझी होती. कॉन्व्हेंटमध्ये उलट बोललं की मला मदर सुपीरियरच्या भेटीच्या खोलीत उभं करायचे. तिथली मखमल, सोनेरी आरसा, झुंबर बघायला मिळावं म्हणून मी मुद्दाम उलट बोलायचे. ती सवय लागली ती लागलीच. पुढे शिक्षिका झाल्यावर तशीच खोली आपल्या घरी करायची म्हणून दर सुट्टीत एक, असे सहा पडदे हाताने शिवले. कुणाला विचारून काढलेस?

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.
तुझी मावशी

१६ मार्च
ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र ऐकून आई म्हणाली, ऑपरेशन डोळ्याचंच झालंय, जीभ शाबूत आहे. मला मात्र हसू आलं नाही.

तुलाच विचारून काढले गं. तीन वर्षांपूर्वी मी सजवलेलं पहिलं घर मासिकात आलं, तेव्हा तू म्हणालीस की घर असावं तर असं. आपल्या खोलीत नुसती धूळ आणि जुनाट बडेजाव, हेही तूच म्हणालीस. तू कधी कुणाचं कौतुक केलं नाहीस, म्हणून ते मी अगदी खरं धरलं.

आरसा, झुंबर माझ्या गोदामात आहेत. पडदे ड्रायक्लीनरकडे दिले होते. तो म्हणतो, मखमल धुण्यातच विरली.

या धंद्यात कशी आले, असं लोक विचारतात तेव्हा मी तुझ्या खोलीबद्दल सांगते. त्या पडद्यांमागे लपून मोठी झाले. तुला तेवढं कधी सांगितलं नाही.

रागावलीस तरी माझीच राहा.
छकुली

२० मार्च
चि. छकुलीस आशीर्वाद.

मी खोटं बोलले होते. तुझं ते घर मला रिकाम्या फ्रिजसारखं वाटलं होतं. पण तुझा चेहरा इतका फुलला होता, की जन्मात एकदा गोड बोलावंसं वाटलं. खरं बोलून माणसं तोडली. खोटं बोलून खोली घालवली. तू परक्यांपाशी माझ्या खोलीचं कौतुक करत बसलीस, मी तुझ्या तोंडावर खोटं कौतुक केलं. दोघी सारख्याच.

आरसा-झुंबर आणू नकोस. मखमलीशिवाय ती दोघं पोरकी दिसतील, आणि नवे सहा पडदे माझ्याच्याने होणार नाहीत. आता डोळे लख्ख झालेत, तेव्हा कळतंय, गेली पाच-सहा वर्षं मला सगळं धुरकटच दिसत होतं. शेवटी शेवटी त्या मखमलीचा रंग कसा झाला होता, मला आठवत नाही. नीट पाहिलेली तू एकटीच.

तेव्हा ते लिही. दुपारचं ऊन पडलं की ती मखमल कशी दिसायची, कुठे विटली होती, सगळं. गोड करून लिहिलंस तर ओळखेन. फोन चालणार नाही. लेखी उत्तर ३१ मार्चला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात पडलं पाहिजे.
मावशी